जाणाऱ्याचे बूट

बूट सापडत नव्हते.

दुपारी साडेतीनचं विमान. बाराला घर सोडायचं. आणि पावणेअकरा वाजले तरी मिन्याचे नवे बूट अख्ख्या घरात नव्हते. उर्वीनं सोफ्याखाली पाहिलं, वॉशिंग मशीनमध्ये हात घालून पाहिला, तांदळाचा डबाही उपसला. डबा उगाच नाही. गेल्या महिन्याभरात या घरात टीव्हीचा रिमोट तांदळात, स्वानंदचं ऑफिसचं कार्ड कमोडमध्ये आणि सासूबाईंची कवळी फ्रीजमधल्या अंड्यांच्या कप्प्यात सापडली होती.

“मिन्या, बूट कुठे ठेवलेस?”

मिन्या फ्रीजला पाठ टेकून फरशीवर बसला होता. वय पावणेतीन, केस कपाळावर सरळ रेषेत कापलेले, आणि गाल एवढे की तो कितीही रागावला तरी आधी गालच दिसायचे.

“खोंग,” तो म्हणाला.

खोंग म्हणजे नाही. व्हिएतनामहून येताना त्यानं अंगावरचे कपडे, एक कापडी मासा आणि हा शब्द एवढाच ऐवज आणला होता. कपडे केव्हाच आखूड झाले. शब्द मात्र दिवसातून शंभरदा कामी येत होता. जेव, खोंग. झोप, खोंग. बाळाला हात लावू नकोस म्हटलं तर उत्तरसुद्धा नाही, सरळ हात.

“सांगतोस की देऊ एक?” उर्वी म्हणाली. आत बाळ रडायला लागलं. रडणं कानावर पडताच तिला पान्हा फुटला आणि सकाळपासूनचा तिसरा गाऊन ओला झाला. तिनं तांदळाच्या डब्याचं झाकण इतक्या जोरात आपटलं की बाहेर बॅगा बांधत बसलेल्या स्वानंदनं मान वर केली. मान वर करून पुन्हा खाली घातली. लग्नाच्या दहा वर्षांत तो एवढं नक्की शिकला होता.

मिन्या मूळचा मिन्ह. स्वानंद चार वर्षं हो चि मिन्ह सिटीत एका पुलाच्या कामावर प्लॅनिंग इंजिनीअर होता. सात वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून झाल्यावर दोघांनी तिथेच दत्तकाचा अर्ज केला. मेकाँगच्या काठच्या एका गावातला आश्रम होता. तो सांभाळणाऱ्या साठीच्या बाईला सगळे बा हाय म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत हायआजी. मूल ताब्यात मिळायच्या आदल्या दिवशी तिनं दुभाष्याकरवी एकच गोष्ट सांगितली. येताना बूट आणा. आमच्याकडची पोरं सपाता घालतात, नाहीतर अनवाणी असतात. बूट फक्त जाणाऱ्या मुलाला. उर्वीनं पिवळे बूट नेले होते. ते घालून मिन्ह पायऱ्या उतरला तेव्हा व्हरांड्यातली पोरं त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होती. त्या दिवशी उर्वी एवढी रडत होती की ती गोष्ट तिनं पाहिली आणि तिथेच सोडून दिली.

दीड महिन्यानं कळलं की तिला दिवस गेलेत. उदगीरपासून ऑस्टिनपर्यंतच्या नातेवाइकांनी एकच शब्द वापरला: पायगुण. पोराचा पायगुण बघा. उर्वीला त्या शब्दाची चीड यायची. पायगुण दाखवलास, काम झालं, आता बाजूला बस, असं काहीतरी तिला त्यात ऐकू यायचं. मग स्वानंदचं दोह्यातलं कॉन्ट्रॅक्ट आलं, अल रय्यानमधला हा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आला, आणि सव्वा महिन्यापूर्वी ठकी आली. ठकीला कागदावर चांगलं तीन अक्षरी नाव होतं, पण ते अजून कुणाच्या जिभेवर बसलं नव्हतं.

बाळंतपणाला सासूबाई, म्हणजे कमलिनीबाई, आल्या, कारण उर्वीच्या आईचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. कमलिनीबाई बारा किलो सामान घेऊन आल्या. त्यातले पाच किलो डिंकाचे लाडू होते. चौथ्या दिवशी त्यांनी बाळाला ओव्याची धुरी दिली. छतावरचा अलार्म किंचाळला आणि सात मजल्यांची माणसं भर उन्हात खाली पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. सासूबाई मात्र निवांत होत्या. “धुराला एवढं कामून भ्यायलेत हे लोक?” त्यांनी विचारलं. तोवर कुणाचं लक्ष नाही असं पाहून मिन्या लिफ्टमध्ये शिरला होता आणि एकटाच पाचव्या मजल्यावर सापडला. टाके ओढत असताना उर्वी जिन्यानं पाच मजले चढली होती.

असं रोज काहीतरी. मिन्या दोन घास खायचा आणि तिसरा उशीच्या खोळीत लपवायचा. मुंग्या झाल्या. तो ठकीचं दूध पिऊन टाकायचा आणि बाटलीत नळाचं पाणी भरून ठेवायचा. उर्वी बाळाला घेऊन बसली की तिच्या पाठीवर चढायचा आणि वेणी ओढायचा. बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात गेले तर काउंटरवरच्या बाईनं ठकीकडे पाहून माशाल्ला म्हटलं आणि मिन्याकडे बोट दाखवून विचारलं, “और ये किसका बच्चा है? आपकी मेड का?”

“मेरा,” उर्वी म्हणाली.

“नहीं, मतलब...”

“मेरा,” उर्वी पुन्हा म्हणाली, आणि त्याच क्षणी तिच्या मुलानं काउंटरवरचा पेन स्टँड खाली ओतला. ज्याच्यासाठी भांडावं त्यानंच असं तोंडघशी पाडावं, याला काय म्हणायचं.

गेल्या शनिवारी तो ठकीच्या पायाला चावला. नुसता चावला नाही, चार दातांची खूण उठली. बाळ निळंजांभळं होईतो रडलं. उर्वीनं पहिल्यांदा मिन्यावर हात उचलला. चापट पाठीत बसली. तो रडला नाही. त्यानं फक्त दोन्ही हात डोक्यावर धरले आणि खाली बसला, आणि हे त्याला कुठून येतं हा विचार करायची ताकद तिच्यात नव्हती. ती सासूबाईंना म्हणाली, “याला घेऊन जा तुम्ही उदगीरला. सहा महिने मला हा डोळ्यांसमोर नको.”

कमलिनीबाईंनी आधी दोनदा हे सुचवलं होतं आणि उर्वीनं दोनदा उडवून लावलं होतं. आता त्यांनी शब्द उचलला. “मला काय त्रास न्हाई गं. वाडीत अंगण हाय, शेजारी चार लेकरं हायत. तूबी जरा माणसात येशील.” त्यात वाईट काही नव्हतं. आखातात हे नवंही नव्हतं. दुसरं झालं की पहिलं आजीकडे, या बिल्डिंगमध्येच दोन घरांत तसं झालेलं. शेजारच्या रिफतनं तर थोरल्याला दीड वर्ष लखनौला ठेवलं होतं. “कुछ नहीं होता,” ती म्हणाली होती, “बच्चे भूल जाते हैं.” स्वानंदनं नेहमीसारखं “तुम्ही दोघी ठरवा” म्हटलं आणि आईच्याच विमानाचं अर्धं तिकीट काढलं.

बुधवारी सासूबाई मिन्याला घेऊन खालच्या सुपरमार्केटात गेल्या आणि प्रवासासाठी बूट घेऊन आल्या. निळे, वेल्क्रोचे. पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवे लुकलुकणारे. कुठलंही पोर असे बूट झोपतानाही काढणार नाही. मिन्या घरी आल्या आल्या पलंगाखाली शिरला. तेव्हापासून दूध सोडून त्याचं खाणं बंद होतं, आणि आज सकाळपासून बूटही बेपत्ता होते.

“सपातांत जाऊ दे त्याला,” स्वानंद म्हणाला. “हैदराबादला काका गाडी घेऊन येणारच आहे.”

“सपातांत का म्हणून? लोकांनी म्हणावं, दुसरं झाल्यावर पहिल्याला सपातांत पाठवलं?”

“कोण म्हणणार आहे?”

“मी म्हणणार आहे,” उर्वी म्हणाली.

स्वानंदनं डायनिंग टेबलाकडे हात केला. “तू तेवढी सही कर ना आधी. बूट मी शोधतो.”

टेबलावर तो कागद कालपासून पडून होता. आईवडिलांचं संमतिपत्र. आम्ही आमच्या मुलाला त्याच्या आजीसोबत पाठवत आहोत, आमची हरकत नाही. खाली स्वानंदची सही होती आणि शेजारी तिच्यासाठी रेघ. काल ती म्हणाली होती की पेन चालत नाही. आज टेबलावर तीन पेनं ठेवलेली होती.

सासूबाईंनी ठकीला थोपटून पाळण्यात टाकलं आणि त्या स्वयंपाकघरात प्रवासाच्या दशम्या बांधायला गेल्या. स्वानंद बाल्कनीत बूट शोधत होता, म्हणजे फोनवर बोलत होता. उर्वी खुर्चीवर बसली. टाके अजून दुखत होते, म्हणून एका कुशीवर बसली. तिनं पेन उचललं.

असाच एक कागद तिनं आधी पाहिला होता. मिन्हच्या फाइलीत तो सगळ्यात तळाशी होता. वर व्हिएतनामी टंकलेखन, खाली एका बाईची सही, शाळेतल्या मुलीसारखी गोल गोल. दुभाष्यानं वाचून दाखवलं होतं: माझी हरकत नाही. त्या बाईचं वय तेव्हा एकोणीस. उर्वीनं त्या रात्री स्वानंदला विचारलं होतं, कसं काय करवलं असेल रे तिला. आता तिला वाटलं, असंच करवलं असेल. झोप नसेल, दूध गळत असेल आणि कुणीतरी शांतपणे शेजारी पेन आणून ठेवलं असेल. मनात हे आलं तसा तिला स्वतःचा, कागदाचा, त्या तिन्ही पेनांचा संताप आला. सहाच तर महिने आहेत, असं तिनं स्वतःला बजावलं. दोन पोरं एकटीनं सांभाळायची म्हणजे नाकी नऊ येतील, एखाद्या दिवशी आपल्या हातून काहीतरी भलतंच होईल. हे खोटं नव्हतं. तिनं पेनाचं टोपण काढलं.

आणि तिच्या लक्षात आलं, घर शांत आहे.

ज्या घरात पावणेतीन वर्षांचं पोर आहे तिथली शांतता म्हणजे गॅसचा वास. उर्वी पेन टाकून आतल्या खोलीकडे धावली. टाके ओढले, दाराची कड खांद्याला लागली, डोळ्यांसमोर ठकीच्या पायावरचे चार दात आले.

ठकी पाळण्यात जागी होती. रडत नव्हती. आणि तिच्या पायांत, पायांत कसले, पार मांड्यांपर्यंत, ते निळे बूट होते. वेल्क्रो घट्ट लावलेले. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ठकीचे तर दिसतच नव्हते. तिनं लाथ झाडली की टाच पाळण्याच्या गजावर आपटत होती आणि लाल दिवे लुकलुकत होते.

पाळण्याखाली मिन्याची प्रवासाची बॅग उघडी होती. सासूबाईंनी रात्री घडी घालून भरलेले त्याचे शर्ट सगळे बाहेर काढलेले. आत ठकीची दुपटी, डायपरचं अख्खं पाकीट, ग्राईप वॉटरची बाटली, आणि सगळ्यात वर तो कापडी मासा. त्याला मिन्या कुणाला बोटही लावू द्यायचा नाही. पाठवायचंच आहे तर बिचारीला रिकाम्या हातानं कशाला, असा हिशेब असावा.

मिन्या बॅगेची चेन ओढायच्या खटपटीत होता. उर्वीला पाहून थांबला. मार बसेल म्हणून त्यानं एक हात डोक्यावर घेतला. दुसऱ्या हातानं पाळण्याकडे दाखवलं.

“बाळ टाटा,” तो म्हणाला. मग स्वतःच्या अनवाणी पावलांवर हात ठेवला. “मिन्या खोंग.”

उर्वीला आधी हसू आलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा, पोट दुखेपर्यंत. हसता हसताच ती पलंगाच्या कडेवर बसली आणि मग तिला हसणं थांबवता येईना, आणि ते हसणं राहिलं नाही हे तिला गालांवरून कळलं. पोरं विसरत नाहीत. हे पोर तर काहीच विसरलं नव्हतं. ज्याच्या पायात नवे बूट त्यानं निघायचं, हा त्याला माहीत असलेला एकुलता एक कायदा. एकदा तो त्या कायद्यानं पायऱ्या उतरला होता. बुधवारी बूट पाहिले तेव्हाच त्याला समजलं होतं की पुन्हा आपली पाळी आली. मग त्यानं बसून रडण्याऐवजी दुसरं गिऱ्हाईक शोधलं.

सासूबाई दशम्यांचा डबा हातात घेऊन दारात आल्या. “अगं बाई. ह्या लेकराच्या पायात हे कुणी घातलं?”

उर्वीनं सांगितलं. बा हाय, पिवळे बूट, व्हरांड्यातली पोरं, सगळं. कमलिनीबाई ऐकत होत्या. मग त्या हळूच पलंगावर बसल्या आणि डबा मांडीवर ठेवला.

“आन ते बूट मीच घेतले की गं,” त्या म्हणाल्या. “दुकानात किती रडला. मला वाटलं, ह्याला लाल रंगाचेच पाहिजेत.”

“तुम्हाला काय माहीत, आई. मला माहीत होतं. मी तिथे होते.”

स्वानंद किल्ली फिरवत आला. “यल्ला, चला, पावणेबारा झाले. सही झाली?”

“नाही. तो जात नाहीये.”

“म्हणजे? अगं, तिकीट काढलंय. तूच म्हणालीस ना, तुला झेपत नाही म्हणून?”

“झेपत नाहीच,” उर्वी म्हणाली. “परवाही झेपणार नाही. तरी जात नाहीये. आणि तू संध्याकाळी सहाऐवजी चारला घरी येणारेस. कसं ते तू ठरव. आता एवढं तरी तू ठरव.”

स्वानंदनं आईकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “माझ्याकडं काय बघायलास? माझी एकटीची बॅग उचल.”

खरी लढाई पुढेच होती. उर्वीनं ठकीचे पाय सोडवले आणि ते बूट हातात घेऊन मिन्यासमोर बसली. “आपण आजीला सोडायला जायचं. सगळे. बूट घालून. आणि परत यायचं.”

“खोंग.”

“राहू दे गं, कामून छळायलीस,” सासूबाई म्हणाल्या. “सपाता घाल त्याला.”

“आज नाही घातले तर आयुष्यभर प्रत्येक बुटाला हा असाच घाबरणार, आई. शाळेचे घेतले की पलंगाखाली, दिवाळीचे घेतले की पलंगाखाली.” हे बरोबर होतं की नाही, तिला ठाऊक नव्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं एवढं खरं.

मिन्यानं लाथा मारल्या. तिच्या मनगटाला चावला. स्वानंदनं त्याला कमरेत धरलं आणि उर्वीनं वेल्क्रो लावले, रडत रडत, आणि आपण हे त्याच्या भल्यासाठी करतोय की डोकं फिरलंय म्हणून, असं तिला मधेच वाटून गेलं. लिफ्टमध्ये सात मजले त्याचा आक्रोश घुमला. गाडीत तो पाय पोटाशी घेऊन बसला, दिवे लागू नयेत म्हणून. विमानतळाच्या वळणावर सकाळचं सगळं दूध त्यानं सीटवर ओकून टाकलं. मागोमाग ठकीनं सूर लावला. बाहेर ऊन असं की काच उघडायची सोय नाही. चौघांच्या आणि त्या वासाच्या सोबतीनं उर्वी मनात म्हणाली, सहा महिने. हेच सहा महिने.

निघायच्या हॉलच्या दाराशी मिन्यानं उर्वीच्या पायाला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि डोळे मिटून घेतले. तो वाट बघत होता. कोण आपल्याला उचलणार आणि कुणाच्या हातात देणार, याची. कमलिनीबाई वाकल्या. त्याला उचललं नाही. नुसता डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

“येते बरं का मिन्या,” त्या म्हणाल्या, आणि ट्रॉली ढकलत एकट्याच आत गेल्या.

बऱ्याच वेळानं त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. आजी नव्हती. आई होती, बाबा होता, बाबाच्या खांद्यावर ठकी होती. त्यानं खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. मग उर्वीकडे पाहिलं, काहीतरी चूक झाली आहे आणि ती आता कुणाच्या तरी लक्षात येईल, अशा नजरेनं.

घरी पोचले. दारात उर्वीनं चपला काढल्या, स्वानंदनं बूट काढले. मिन्या उंबऱ्याबाहेर उभाच. आत त्याचा फ्रीज होता, सोफा होता, तांदळाचा डबा होता. तो मटकन खाली बसला, खर्रकन वेल्क्रो ओढले आणि बूट आईच्या चपलांशेजारी ठेवले. आत गेला. लगेच बाहेर आला. बूट होते. आत गेला, पुन्हा आला, तरी होते.

मग त्यानं ते उचलून तिच्यासमोर धरले. “टाटा,” तो म्हणाला.

“आत्ताच आलो ना रे?”

“टाटा.”

तिनं त्याच्या पायात बूट घातले, त्याचा हात धरला, लिफ्टपर्यंत गेली आणि परत आली. त्यानं बूट काढले, ठेवले, पाहिले आणि पुन्हा उचलले. दुसऱ्यांदा लिफ्टपर्यंत. तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी शेजारच्या रिफतनं दार किलकिलं करून पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. पाचव्या वेळी ठकी उठली, म्हणून उर्वीनं तिला कडेवर घेतलं. टाके ठणकत होते, बाहेरचा कुर्ताही ओला झाला होता, सकाळपासून पोटात एक लाडू होता, आणि आत सिंकमध्ये दशम्यांचा तवा तसाच पडला होता. मशिदीतून दुपारची बांग सुरू झाली.

“अजून किती वेळ चालणार हे?” स्वानंदनं गाडीची सीट पुसायला पाणी नेता नेता विचारलं.

“मला काय विचारतोस? त्याला विचार,” उर्वी म्हणाली. तिच्या आवाजात चांगलाच वैताग होता.

सातव्या वेळी मिन्यानं बूट स्वतःच चढवले, डावा उजव्यात, उजवा डाव्यात. उर्वीनं दार उघडलं.